कलागृहांचा योगक्षेम

रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, म्हणजे १९६१ च्या आगेमागे, राज्याराज्यांच्या राजधान्यांतून नाट्यगृहे बांधण्याची जी मोठी तजवीज झाली, तिच्यातून भोपाळला रवींद्र भवन मिळाले, मुंबईला प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर मिळाले आणि दिल्लीला, तेथील रिजवर, सुमारे ८,००० प्रेक्षक बसतील अशी विस्तीर्ण खुली रवींद्र रंगशाला मिळाली. तिघांचेही निमित्त एक आणि उमेदही एकच. परंतु पुढची दैवगती अगदी भिन्न. भोपाळचे भवन भरवस्तीजवळ असल्याने शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून सरकारी सत्कारांपर्यंत सर्वांच्या उपयोगी पडत राहिले आणि अलीकडे त्याच्या शेजारी नवे संकुलही उभे राहिले. मुंबईचे मंदिर २००२ मध्ये पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीच्या रूपाने पुन्हा नव्याने सुरू झाले; आणि दिल्लीची ती अवाढव्य रंगशाला मात्र, एवढी माणसे रोज कोठून आणावयाची या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणी आधी काढून न ठेवल्यामुळे, झाडाझुडपांच्या स्वाधीन झाली.

सरकारी अंदाजपत्रकात भांडवली खर्च आणि महसुली खर्च असे दोन निराळे रकाने असतात, आणि कलागृहांचे भवितव्य पुष्कळदा या दोन रकान्यांमधल्या खाईतच ठरते. इमारतीसाठी एकदाच मागावयाची रक्कम, मग ती कितीही मोठी असो, मिळविणे आपल्याकडे तितकेसे अवघड नाही. कोनशिलेवर नावे कोरली जातात, समारंभ होतो, हार पडतात. पण गळक्या छपरासाठी, जळलेल्या पंपासाठी, रात्री साडेअकराला प्रयोग संपल्यावर विंगा झाडून, रंगपटातला विसरलेला नळ बंद करून कुलूप लावणाऱ्या माणसाच्या पगारासाठी जी रक्कम दरसाल आणि न चुकता लागते, ती मंजूर करून घेताना भल्याभल्यांची दमछाक होते. म्हणून प्रस्तुत आढाव्यात वास्तूंच्या सौंदर्यापेक्षा त्यांच्या कारभाराकडे अधिक लक्ष दिले आहे, आणि ज्या वस्तीत हा प्रश्न नव्याने विचारण्यासारखा आहे असे मला वाटते, त्या भोपाळच्या अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केटचा विचार अखेरीस ओघानेच येईल.

भोपाळच्या उदाहरणाचा विस्तार करावयास कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे गाव नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतून मराठी कारकून, शिक्षक, इंजिनियर आपापली दप्तरे व बिऱ्हाडे घेऊन येथे आले. नव्या वसाहतीच्या मुख्य भागाला तात्या टोप्यांचे नाव मिळाले. राजधानी झालेल्या गावाला संस्कृतीही राजधानीस साजेशी हवी, या सरकारी जाणिवेतून पुढे जे काही घडले त्याचा कळस म्हणजे १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उघडलेले भारत भवन. अशोक वाजपेयी यांच्यासारखा कवी-अधिकारी, जगदीश स्वामिनाथन यांच्यासारखा चित्रकार, ब. व. कारंतांसारखा नाट्यकर्मी आणि चार्ल्स कोरियांसारखा वास्तुशिल्पी एकाच वेळी एकाच कामाला लागावेत, असा योग शासकीय संस्थांच्या कुंडलीत क्वचितच येतो.

कोरियांची ही वास्तू रस्त्यावरून जवळजवळ दिसतच नाही. श्यामला टेकडीचा उतार मोठ्या तलावाकडे उतरत जातो, त्याच उताराच्या अंगाने गच्च्या, बागा आणि खोल अंगणे एकाखाली एक मांडलेली आहेत. दालने या अंगणांच्या भोवती, जमिनीच्या पोटात बसविल्यासारखी आहेत, आणि त्यांना प्रकाश मिळतो तो वरच्या काँक्रीटच्या कवचांतून व गच्च्यांच्या कठड्यालगत ठेवलेल्या फटींतून. अंगणाकडे उघडणाऱ्या दारांना दोन पदर आहेत: आतला पदर काचेचा, त्यात हवेसाठी उघडता येणारी तावदाने, आणि बाहेरचा जाड लाकडी दरवाज्यांचा, जो रात्री बंद केला की सुरक्षिततेची काळजी मिटते. माळव्याच्या पठारावर मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा ठिकाणी मातीच्या आड बसलेली इमारत, दिवसा दिवे न लावता पाहता येणारी चित्रे आणि संध्याकाळी तलावाला पाठीशी घेऊन भरणारे ‘बहिरंग’ हे खुले नाट्यगृह यांची किंमत वीजबिल भरणाऱ्यालाच कळेल. आजकाल ‘शाश्वत’ हे विशेषण ज्या इमारतींना मुक्तहस्ते बहाल केले जाते, त्यांतील पुष्कळ इमारती आधी पश्चिमेला काचेची भिंत उभारतात आणि मग त्या काचेमागचा उकाडा घालविण्यासाठी छपरावर सौरपट्ट्या बसवितात. त्यांच्या कर्त्यांनी येथे एक दुपार काढावी.

परंतु भारत भवनाचे खरे श्रेय मी वास्तूला देणार नाही. स्वामिनाथन यांनी आपले तरुण सहकारी खेड्यापाड्यांत, आदिवासी वस्त्यांत पाठविले आणि ‘रूपंकर’ या संग्रहालयात शहरी चित्रकारांच्या शेजारी, त्याच मानाने, गोंड आणि भिल्ल चित्रकारांची कामे मांडली. पाटणगढचे जनगढ सिंह श्याम याच शोधात सापडले आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे आप्तस्वकीय भोपाळला येऊन चित्रकार झाले. भूरीबाईंची हकीगत तर अधिक बोलकी आहे. भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करणारी ही भिल्ल स्त्री. आपल्या घरच्या भिंतीवर काढता तसे काही कागदावर काढाल का, असे स्वामिनाथन यांनी तिला विचारले, आणि तेथून जो प्रवास सुरू झाला तो २०२१ च्या पद्मश्रीपर्यंत पोहोचला. ज्या इमारतीची वीट डोक्यावरून वाहिली तिच्याच भिंतीवर आपले चित्र लागावे, ही घटना योजनेच्या कोणत्याही कागदावर लिहिलेली नव्हती. पण ती घडू शकेल एवढी मोकळीक कारभारात होती. ‘समाजाभिमुख’ या शब्दाचा अर्थ मला विचारला तर मी याच प्रसंगाकडे बोट दाखवीन.

आता दुसरी बाजू. कारंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेले रंगमंडळ, म्हणजे पगारी नटांचे कायमचे नाट्यमंडळ, काही वर्षे गाजले आणि पुढे बंद पडले. राजाश्रयाचा हा जुनाच रोग आहे: एका मर्मज्ञ अधिकाऱ्याच्या अखत्यारात जे फुलते ते त्याच्या बदलीनंतर कोणाचेच राहत नाही. भारत भवनाला न्यासाचा स्वतंत्र कायदा मिळाला होता. तथापि न्यासाला पैसे सरकारने द्यावयाचे आणि माणसेही सरकारनेच नेमावयाची, अशी व्यवस्था असल्यावर कायद्याचे कवच कितीसे जाड असणार? त्याच टेकडीवर, सुमारे २०० एकरांत पसरलेल्या मानव संग्रहालयाने मात्र एक शहाणपण केले आहे, त्याचा येथे उल्लेख केला पाहिजे. तेथील आदिवासी घरे त्या त्या जमातीच्या लोकांनी येऊन आपल्या हातांनी, आपल्या साहित्याने बांधली; आणि गवताचे छप्पर कुजते, मातीची भिंत खचते, म्हणून त्याच लोकांना पुन्हा बोलावणे क्रमप्राप्त ठरते. डागडुजी हा तेथे कंत्राटाचा विषय उरत नाही, येण्याजाण्याचे निमित्त होतो.

महाराष्ट्राने निराळा मार्ग धरला; तेथे नाट्यगृह ही प्रायः नगरपालिकेची जबाबदारी झाली. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द नटसम्राटांच्या हस्ते बसली, आणि २६ जून १९६८ रोजी ते उघडले तेव्हा ते पाहण्यास बालगंधर्व हयात नव्हते. त्यानंतर ठाण्याचे गडकरी रंगायतन आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील अनेक प्रेक्षागृहे याच वाटेने गेली. या व्यवस्थेचा मोठा गुण असा की भाडे माफक राहिले आणि तिमाही तारीखवाटपाच्या पद्धतीने, तिच्याविषयी निर्मात्यांची कुरकुर कायम असली तरी, व्यावसायिक नाटकांपासून हौशी संस्थांपर्यंत सर्वांना काही ना काही तारखा मिळत गेल्या. मोठा दोष असा की देखभाल हे खाते कोणाच्याच अभिमानाचा विषय राहिले नाही. स्वच्छतागृहांची दुर्दशा, बंद पडलेली वातानुकूलन यंत्रणा, उंदरांनी कुरतडलेल्या खुर्च्या यांविषयी नटांची गाऱ्हाणी वर्षानुवर्षे छापून येतात. मग एके दिवशी दुरुस्तीच्या ऐवजी संपूर्ण वास्तू पाडून बहुमजली संकुल बांधण्याचा प्रस्ताव पुढे येतो, जसा तो बालगंधर्वाविषयी आला, आणि कलावंतांतच दोन तट पडतात.

कोल्हापूरचे दुःख याहून मोठे. शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ मध्ये पूर्ण झालेले पॅलेस थिएटर, जे पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत भस्मसात झाले. शेजारीच खासबागचे कुस्तीचे मैदान: मल्ल आणि गवई यांना पाठीला पाठ लावून जागा देणारी ही योजना करणाऱ्या राजाला लोकसंपर्काचे धडे द्यावयास कोणा सल्लागाराची गरज पडली नव्हती. गोव्यात कोरियांचीच दुसरी कृती, १९८३ मधील कला अकादमी, मांडवीच्या काठी अशी उभी आहे की फिरावयास आलेला माणूस तिकिटाविना सहज आत शिरून नदीपर्यंत जातो. तिचे नूतनीकरण सुरू असता जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छप्पर कोसळले, आणि ती पुन्हा उघडल्यावरही ध्वनी, दिवे व गळती यांविषयी कलावंतांचे आक्षेप चालूच राहिले. दोन्ही प्रकरणांची कारणे वेगळी असतील; परंतु वर्षाला थोडे थोडे करावयाचे काम साठवून ठेवून एकदम, मोठ्या रकमेने, दारे बंद करून करण्याची आपली रीत महाग पडते यात संशय नाही. दारे बंद असतात त्या काळात नाटकमंडळी दुसरीकडे जातात, आणि प्रेक्षकांची सवय मोडते. ती पुन्हा लावणे हे छप्पर घालण्याहून कठीण.

ज्यांच्याजवळ इमारतच नव्हती त्यांचा इतिहास या पार्श्वभूमीवर मोठा उद्बोधक आहे. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ने जी नाटके केली त्यांनी एका चळवळीला त्या शाळेचे नाव दिले. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. नेपथ्य हलके, कारण सकाळी वर्गांसाठी सभागृह मोकळे करून द्यावयाचे. तिकीट स्वस्त, कारण भाडे स्वस्त. वास्तूचा वापर दिवसाच्या चोवीस तासांत वाटून घेतला की खर्चही वाटला जातो, हे अर्थशास्त्र तेथे कोणी फळ्यावर लिहिले नव्हते, पण पाळले मात्र कसोशीने. जुहूचे पृथ्वी थिएटर ही याच विचाराची अधिक स्थिर आवृत्ती म्हणता येईल. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी, गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’च्या हिंदी प्रयोगाने ते सुरू झाले, सुमारे २०० आसने, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक, आणि बाहेर चहाचा अड्डा, जेथे नाटक न पाहणारी माणसेही येऊन बसतात. गिरगावच्या साहित्य संघाची गोष्ट उलटी आहे: निष्ठा होती, परंपरा होती, पण चाळींतला मराठी प्रेक्षक उपनगरांत गेला आणि रंगमंदिर होते तेथेच राहिले. प्रेक्षक स्थलांतर करतात आणि इमारतीला पाय नसतात, ही अडचण नकाशे काढणाऱ्यांच्या लक्षात क्वचितच येते.

इंदूरच्या ‘सानंद न्यासा’ने या अडचणीवर जो तोडगा काढला त्याचे मला विशेष कौतुक वाटते. मुंबई-पुण्याचे नाटक महाराष्ट्राबाहेर बोलाविणे म्हणजे नट, तंत्रज्ञ, नेपथ्याचा ट्रक, प्रवास आणि मुक्काम असा खर्च. एका प्रयोगाच्या तिकिटांतून तो निघणे दुरापास्त. सानंदने वार्षिक सभासद केले, त्यांचे पाच गट पाडले, गटांना रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशी इंदूरच्या रसिकतेशी निगडित नावे दिली, आणि शनिवार-रविवार मिळून एकाच नाटकाचे पाच प्रयोग विद्यापीठाच्या प्रेक्षागृहात लावले. प्रवासखर्च एकदाच, प्रयोग पाच. नाटक मंडळींना वायदा पक्का, सभासदांना आसनाची खात्री, आणि न्यासाला वर्षाच्या आरंभीच रक्कम हातात. स्वतःची भिंतही न बांधता एखाद्या संस्थेने शेकडो कुटुंबांना वर्षभराचे वेळापत्रक द्यावे, हा व्यवस्थापनाचा उत्तम धडा आहे. एक उणीवही नोंदली पाहिजे: असा प्रेक्षक वयाने वाढत जातो, आणि सभासदाच्या खुर्चीवर त्याची नात बसेलच असे नाही.

परप्रांतांत कर्नाटकातील हेग्गोडूचे ‘नीनासम’ सर्वांना ठाऊक आहे. १९४९ मध्ये सुरू झालेली, के. व्ही. सुब्बण्णांनी वाढविलेली ही संस्था एका सुपारीच्या बागांच्या खेड्यात नाट्यशाळा, रंगमंदिर आणि १९८५ पासून ‘तिरुगाट’ हे गावोगाव फिरणारे नाट्यमंडळ चालविते. प्रेक्षक येत नसेल तर नाटकाने त्याच्याकडे जावे, एवढाच तिचा मंत्र. परदेशातील एकच उदाहरण देतो. भारत भवन उघडले त्याच वर्षी ब्राझीलमधील साओ पाउलो शहरात, पिंपे बनविणाऱ्या एका जुन्या कारखान्यात, लीना बो बार्दी या स्थापत्यकर्तीने पोंपेयाचे लोककेंद्र सुरू केले. जागा पाहावयास ती गेली तेव्हा त्या ओसाड शेडमध्ये आसपासची मुले चेंडू खेळत होती, कुटुंबे शनिवारी जेवणे करीत होती. हे जे चालले आहे ते चालूच राहावे, असे तिने ठरविले आणि कारखाना न पाडता त्यातच ग्रंथालय, कार्यशाळा, नाट्यगृह आणि भोजनगृह बसविले. या केंद्राची मालक संस्था व्यापारी पेढ्यांच्या पगारपत्रकावरील दीड टक्क्याच्या वर्गणीवर चालते. ही वर्गणी कायद्याने लागू असल्यामुळे मंत्री बदलला म्हणून आटत नाही. आपल्याकडे इतके धैर्य कोणी करील असे दिसत नाही, परंतु बाजाराने कलेचा भार उचलावा ही कल्पना आपल्या बाजारगावांना, जेथे जत्रेचा तमाशा पेठेच्या वर्गणीवर उभा राहत असे, परकी नाही.

येथे बिट्टन मार्केटचा विषय येतो. अरेरा कॉलनीच्या या बाजाराला लागून मोठे मैदान आहे. आठवड्यातील ठराविक दिवशी तेथे हाट भरतो, आसपासच्या खेड्यांतील भाजीवाले ताडपत्र्या अंथरून मेथी, पालक, ओल्या मटारचे ढीग लावतात, संध्याकाळी ढिगाढिगावर दिवे लागतात. दसऱ्याला त्याच मैदानात रावण जळतो, आणि एरवी प्रदर्शने भरतात. नियोजनकर्त्यांच्या भाषेत ज्याला बहुउद्देशीय जागा म्हणतात ती येथे, कोणत्याही आराखड्याची वाट न पाहता, वहिवाटीने तयार झाली आहे. शहरातील मोठी कलागृहे श्यामला टेकडीवर किंवा तिच्या आसपास आहेत. भाजीची पिशवी हातात असलेला माणूस तेथे जात नाही. तो जेथे आधीच येतो तेथे दीडशे आसनांची एक साधी वास्तू असावी, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटते.

ती कशी असावी यापेक्षा कशी चालावी हे सांगतो. जमीन महापालिकेची, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने. कारभार एका छोट्या मंडळाकडे, ज्यात रहिवासी व कलावंत यांच्याबरोबर हाटातल्या विक्रेत्यांचा एक प्रतिनिधी असेलच. सकाळी संगीताचे वर्ग, दुपारी वाचनालय, उन्हाळ्याच्या सुटीत मुलांची चित्रशाळा, आठवड्यातून तीन संध्याकाळी नाटक किंवा गाणे. हाटाच्या दिवशी प्रयोग नाही, पण स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी विक्रेत्यांना खुले, विशेषतः खेड्यांतून पहाटे निघालेल्या बायकांना. तहबाजारीचा, म्हणजे हाटातल्या जागेच्या शुल्काचा, एक लहानसा अंश या व्यवस्थेकडे वळविता आला तर तो दान ठरणार नाही, मोबदला ठरेल. भाड्याचे तीन दर असावेत: हौशी व शालेय, व्यावसायिक, आणि खासगी समारंभांचा. हा तिसरा दरच धोक्याचा. आपली किती सांस्कृतिक सभागृहे दहा वर्षांत मंगल कार्यालये होऊन बसली, हे प्रत्येक शहरातील नागरिक बोटांवर मोजून दाखवील. लग्नांना माझा विरोध नाही, त्यांचा पैसा रोख असतो. परंतु महिन्यातील ठराविक दिवसांपलीकडे ती घेऊ नयेत, आणि हा नियम मंडळाच्या घटनेत असावा, चिटणिसाच्या मर्जीवर नसावा. मासिक जमेचा ठरलेला हिस्सा डागडुजी-निधी म्हणून निराळ्या खात्यात पडावा आणि महोत्सवासाठी, कितीही मोठा गवई येणार असला तरी, त्याला हात लावता येऊ नये.

वास्तूबद्दल दोनच सूचना. पश्चिमेची भिंत जाड आणि बंद असावी, छपराच्या कण्यालगत गरम हवा निसटण्यास वाट असावी आणि पूर्वेला रुंद ओटा असावा, ज्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी उघड्यावर कार्यक्रम होतील; रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हे धरूनच वेळापत्रक आखावे. आणि रंगमंचामागे सामान ठेवावयास भरपूर जागा ठेवावी. आपले वास्तुशिल्पी दर्शनी दिवाणखान्याला जेवढी जागा देतात तिच्या चतुर्थांशानेही ती देत नाहीत, मग आपत्कालीन दारासमोर जुन्या नेपथ्याची रास पडते आणि अग्निशामक दलाचा दाखला अडतो.

भोपाळच्या मराठी मंडळींना माझे एक सांगणे आहे, ते काहींना रुचणार नाही. गणेशोत्सव आणि दत्तजयंती यांपुरती आपली स्वतंत्र वास्तू असणे ठीक; परंतु केवळ मराठी नाटकांवर या शहरात एखादे प्रेक्षागृह वर्षभर चालणे शक्य नाही, आणि चालविण्याचा हट्टही धरू नये. हबीब तनवीरांसारख्या रंगकर्मीने आपली अखेरची वर्षे ज्या शहरात घालविली, तेथील हिंदी रंगभूमीच्या शेजारी, तिच्याच तारखांच्या वहीत आपली तारीख नोंदवून बसणे यात कमीपणा नाही. उलट, वर्षाकाठी चार मराठी प्रयोग नीट वठले आणि त्यांना अमराठी शेजारी आले, तर तो व्यवहार अधिक टिकाऊ. इंदूरची रीत येथे जशीच्या तशी चालणार नाही, कारण तेवढी सभासदसंख्या नाही; दोन गट मात्र जमण्यासारखे आहेत, आणि इंदूरला आलेले नाटक परतीच्या वाटेवर भोपाळला एक दिवस थांबविण्याचा करार दोन्ही शहरांना लाभाचा होईल.

हे सारे इमारतीवाचून सुरू करता येते. पहिली दोन वर्षे जवळच्या एखाद्या शाळेचे सभागृह संध्याकाळी भाड्याने घ्यावे, थंडीत मैदानाच्या कडेला मंडप घालावा, आणि प्रत्येक कार्यक्रमाची नोंद ठेवावी: किती माणसे आली, कोणत्या गल्लीतून आली, किती वाजता उठून गेली, वीज किती जळली, झाडलोटीला किती पडले. दोन पावसाळ्यांनंतर या रजिस्टरावरून आसने किती हवीत, कोणते दिवस धरावेत आणि भाडे कोणाला झेपते हे बरेचसे ठरेल. मग महापालिकेकडे जो अर्ज जाईल त्याला नकाशा खुशाल जोडावा. पण त्याच्यावर, पहिल्या पानावर, उघडल्यानंतरच्या दहा वर्षांचा जमाखर्च असावा आणि कुलपाची किल्ली कोणाकडे राहील त्याच्या पगाराची तरतूद त्यात सर्वांत आधी मांडलेली असावी.